कोल्हापूरच्या राजकारणातली नायिका: महत्त्वाकांक्षी, हातचं राखून वागणारी आणि प्रेमात पडलेली

तुम्ही प्रेमकथा लिहायला घेतली आहे. नायिका राजकारणात आहे, ती कुणाला सहज जवळ येऊ देत नाही, आणि गोष्ट कोल्हापुरात घडते. चार-पाच भाग झाले की एक अडचण हमखास येते. नायिका दगडासारखी वाटायला लागते, नाहीतर नायक दोन शब्द बरे बोलला की एका प्रकरणात विरघळते. माझ्या पहिल्या मसुद्यात ती दगड होती, दुसऱ्यात विरघळली. तिसरा मसुदा लिहीपर्यंत तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत जे उशिरा कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. तुमचा निदान एक मसुदा तरी वाया जाऊ नये, एवढीच इच्छा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. हातचं राखणं हा तिचा आजार समजू नका. ते तिच्या कामाचं हत्यार आहे. प्रेमामुळे ती "बरी" होत नाही. एका माणसापुरता ती आपला नियम बदलते, आणि कधी बदलायचा ते तीच ठरवते.

हाताशी काय काय लागेल

- महापालिकेची गोष्ट असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, जिल्हा परिषदेची असेल तर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम. सगळा वाचत बसू नका. सदस्याची अपात्रता, समित्या आणि सभेचं कामकाज एवढी प्रकरणं पुरेत.
- एका सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि तिचं इतिवृत्त. ओळखीतून मिळालं तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.
- जिल्ह्याचा नकाशा, बारा तालुक्यांसह. करवीर आणि चंदगड यांच्यातलं अंतर नकाशावर एकदा बघितलं की नायिका सकाळी इथे आणि तासाभरात तिथे असं लिहिणं थांबतं.
- गोष्ट ज्या वर्षी घडते त्या वर्षाची दिनदर्शिका. गळीत हंगाम, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, पावसाळा, आचारसंहिता, सगळं तिच्यावर टिपून ठेवा.
- एक साधी वही. तिच्यात फक्त एवढंच लिहायचं: कुणाला, कुणाबद्दल, काय माहीत आहे, आणि कधीपासून. माझ्यासाठी ही वही कायद्याच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली.

१. तिची खुर्ची ठरवा

"ती राजकारणात आहे" एवढ्याने भागत नाही. ती नेमकी कुठे बसते? महापालिकेत नगरसेविका, जिल्हा परिषदेची सदस्य, साखर कारखान्याची किंवा दूध संघाची संचालक, आमदारांच्या संपर्क कार्यालयातली स्वीय सहायक, निवडणुकीपुरती वॉर रूम सांभाळणारी मुलगी. प्रत्येक ठिकाणी सत्ता वेगळ्या वाटेने चालते. "गोकुळ"सारख्या १९६३ पासूनच्या दूध संघात संचालक निवडतात ते गावोगावच्या दूध संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून मतदानासाठी नेमलेली माणसं. तिथे नायिकेला मोठ्या सभा जिंकायच्या नसतात. एकेका ठरावधारकाच्या घरच्या सोप्यात बसून चहा प्यायचा असतो. महापालिकेत स्थायी समितीचे १६ सदस्य असतात आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, त्यामुळे तिथल्या मैत्रीला मुदत असते. ज्या खुर्चीचं कामकाज तुम्हाला खरोखर कळतं, किंवा कळून घ्यायची तयारी आहे, तीच निवडा.

इथला मोठा खड्डा म्हणजे वर्ष. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. जिल्हा परिषदेवरही मार्च २०२२ पासून प्रशासक आले. म्हणजे २०२३ मध्ये घडणाऱ्या गोष्टीत महापौरांच्या दालनातला प्रसंग लिहिला तर तो घडूच शकत नाही. माझा अख्खा पहिला मसुदा याच खड्ड्यात गेला. पण त्याच काळात एक वेगळी नायिका सापडते: पद गेलेलं, वॉर्डातली कामं मात्र लोक अजून तिलाच सांगतात, आणि सही करायचा अधिकार आता एका अधिकाऱ्याकडे आहे. प्रेमकथेला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सुचलेली नाही.

२. महत्त्वाकांक्षेला पदाचं नाव आणि तारीख द्या

"तिला खूप पुढे जायचं होतं" हे वाक्य खोडून टाका. कुठे आणि कधीपर्यंत, हे लिहा.

बायकांच्या राजकारणात तारीख महत्त्वाची का, ते समजून घ्या. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा २०११ पासून आहेत. पण आरक्षण फिरतं. आज महिलेसाठी राखीव असलेला प्रभाग पुढच्या सोडतीत दुसऱ्याच प्रवर्गाकडे जाऊ शकतो. महापौरपद आणि जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद अडीच वर्षांचं असतं, त्यातही पद वाटून घ्यायची रीत कोल्हापुरात जुनी आहे. ठरलेले महिने झाले की राजीनामा द्यायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायची. म्हणजे आपल्या नायिकेला आयुष्यात एकदाच, तेही कदाचित आठ-दहा महिन्यांपुरती, खुर्ची मिळणार आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. अशी बाई रविवारी दुपारी रंकाळ्यावर चक्कर मारायला "नको" म्हणते ती गर्वाने नव्हे. तिच्याकडे तेवढे रविवारच नाहीत.

तिची झेप विधानसभेपर्यंत असेल तर २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती तिच्या तोंडी येणारच. लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यानंतर. ही अट तिला पाठ असली पाहिजे. सोडतीच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही असा एक प्रसंग लिहून बघा. प्रेमाचं अक्षरही न येता वाचक तिच्या बाजूचा होतो.

आणि तिची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या कुणाची उसनी असू देऊ नका. "वडिलांचं अधूरं स्वप्न" हे कारण मीही वापरलं होतं. वाचणाऱ्यांना ती तेव्हा आज्ञाधारक वाटली, महत्त्वाकांक्षी वाटली नाही. तिला ती खुर्ची हवी आहे, कारण ती तिथे बसून चांगलं काम करू शकते हे तिला माहीत आहे. एवढं कारण पुरतं.

३. ती हातचं का राखते, याचा हिशोब लिहून काढा

इथे थांबा आणि वेळ द्या.

नवीन लिहिणारे जवळजवळ सगळे तिच्या भूतकाळात एक धोका देणारा प्रियकर घालतात. तो काढून टाका. त्याच्यामुळे तिचं सगळं सावधपण एका जखमेत जमा होतं आणि नायक त्या जखमेवरचं मलम बनतो. खऱ्या आयुष्यात सावधपण लहान लहान प्रसंगांतून साठत जातं. एका वहीच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे तिचा नियम, उजवीकडे तो कोणत्या दिवशी आणि कशामुळे तयार झाला ते. माझ्या पानावर हे होतं:

दालनाचं दार कधी बंद करायचं नाही. पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सदस्याशी वॉर्डाच्या पाण्याबद्दल वीस मिनिटं बोलली, दुपारपर्यंत पायऱ्यांवर दुसरीच चर्चा होती.

इतिवृत्त शब्दन्‌शब्द वाचायचं. तिने मांडलेला ठराव पुढच्या सभेच्या कागदांत दुसऱ्याच्या नावावर निघाला.

कुणाच्या गाडीतून जायचं नाही. गाडी पेठेत उभी राहिली की लोक गाडी कुणाची ते आधी बघतात.

चहाचे पैसे स्वतः द्यायचे. याचं कारण तिने कुणालाच सांगितलेलं नाही, कथेतही नाही. मला मात्र माहीत आहे.

या हिशोबात एक मोठी रक्कम सगळ्यांत खाली लिहा: श्रेय. अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईचं नाव एका पुरुषाशी जोडलं गेलं की तिचं मागचं सगळं काम त्याच्या खात्यावर जमा होतं. तिकीट मिळालं ते त्याच्यामुळे, रस्ता झाला तो त्याच्यामुळे. तिला प्रेमाची भीती वाटत नाही. दहा वर्षांचं काम एका अफवेत पुसलं जाण्याची भीती वाटते. हे तुमच्या मनात पक्कं झालं की तिच्या प्रत्येक "नको"ला वजन येतं.

थोडं विषयांतर करते. कोल्हापूरची नायिका म्हटलं की तिला "ताराराणीची लेक" म्हणायचा मोह होतो. कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो. पण ताराराणींकडे बघायचंच असेल तर तलवारीपलीकडे बघा. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर त्यांनी औरंगजेबाविरुद्धची लढाई पुढे चालवली, आणि १७१४ मध्ये त्यांना सत्तेवरून दूर केलं ते घरातल्याच माणसांनी, सवत राजसबाईंच्या बाजूने. मोगलांना जे जमलं नाही ते वाड्याच्या आतून झालं. तुमच्या नायिकेला हा इतिहास शाळेपासून माहीत आहे. ती विरोधकांपेक्षा आपल्याच गटाच्या बैठकीत जास्त सांभाळून बोलते, ते यामुळे. हा धागा वापरा आणि विशेषण सोडून द्या.

४. तो कोण, आणि कुणाच्या हातात कुणाची सही आहे

नायक ठरवताना त्याच्या रूपाआधी त्याचा अधिकार ठरवा.

तो अधिकारी असेल तर तिच्या वॉर्डाच्या फायली त्याच्या टेबलावरून जातात आणि त्याची बदली कधीही होऊ शकते. विरोधी गटातला सदस्य असेल तर प्रत्येक मतदानात ती दोघं समोरासमोर. ठेकेदार असेल तर फार जपा: महापालिकेच्या ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणजे त्याचं प्रेम तिला सरळ घरी बसवू शकतं. पत्रकार असेल तर त्याला जे कळतं ते त्याने छापायचं की नाही, हा प्रश्न पहिल्याच भेटीपासून दोघांमध्ये बसलेला असतो.

त्या दोघांपैकी एक दुसऱ्याचा साहेब असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. आपल्या जुन्या प्रेमकथांमध्ये नायिका नाही म्हणते आणि नायक पुन्हा पुन्हा विचारत राहतो. कार्यालयात याला चिकाटी म्हणत नाहीत, तो तक्रारीचा विषय आहे. तुमच्या नायकाने एकदा विचारावं, नाही ऐकावं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी कामाचं तसंच नीट बोलावं. हातचं राखणाऱ्या बाईला त्याच्यात काही दिसलं तर ते त्या दुसऱ्या दिवशी दिसतं.

त्याने तिच्यासाठी पहिलं काय करावं, हा प्रश्न मला फार छळत होता. फुलं, पाऊस, छत्री सगळं लिहून खोडलं. शेवटी सभेच्या कागदांत उत्तर मिळालं. प्रत्येक ठरावाला एक सूचक असतो आणि एक अनुमोदक. तिच्या गटातलं कुणी हात वर करत नाही, सभागृह गप्प आहे, आणि समोरच्या बाकावरून तो उठून म्हणतो, "अनुमोदन." आपल्या गटाची नाराजी पत्करून. रात्री ती इतिवृत्ताचा मसुदा उघडते आणि सूचक म्हणून आपलं नाव, त्याखाली त्याचं नाव बघते. एवढंच. पुढच्या तीन भागांत ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत तरी चालतं.

५. तिची भाषा: "येते" आणि "येतो"

हे कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे पुष्कळ मुली-बायका स्वतःबद्दल बोलताना पुल्लिंगी रूप वापरतात. "मी येतो", "जेवलो मी", "दमलो". मी स्वतः घरी तशीच बोलते आणि लिहिताना, चारचौघांत "येते" म्हणते. हे बदलणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण बदलतो हे जाणवतही नाही.

हातचं राखणाऱ्या नायिकेसाठी याच्याइतकं बारीक हत्यार दुसरं नाही. सभागृहात ती म्हणते, "या विषयावर मी पुढच्या सभेत बोलते." बाहेर आल्यावर आईचा फोन येतो, तिला ती म्हणते, "जेवलो गं, तू झोप." मैत्रिणीला, "थांब, पाच मिनिटांत येतो." हे सुरुवातीच्या भागांत दोन-तीनदा सहज येऊ द्या, समजावून सांगू नका. पुणे-नागपूरच्या वाचकाला आधी छापायची चूक वाटेल, तिसऱ्यांदा त्याला कळेल. मग पंधराव्या भागात, एका लांबलेल्या रात्री, ती त्याच्यासमोर नुसतं म्हणते:

"दमलो बघ आज."

या तीन शब्दांत दोन दारं उघडली आहेत. "दमलो" हे घरातलं रूप, आणि "बघ" म्हणजे तुम्हीवरून तू. त्याला ते कळतं की नाही ते लिहू नका. तो चहाचा कप तिच्याकडे सरकवतो, एवढं पुरे. "तिच्या नकळत तिच्या मनाची कवाडं उघडली होती" असं काही पुढे जोडलं तर आधीचं सगळं वाया जातं. मी जोडलं होतं, नंतर काढलं.

दुसरा प्रश्न हाकेचा. राजकारणातल्या बाईला लोक ताई म्हणतात, वहिनी म्हणतात, अक्का म्हणतात. नात्याने बांधलं की बोलणं सोपं जातं. पण नायकाने तिला एकदा ताई म्हटलं की आपली कथा तिथेच संपली. म्हणून त्याच्या हाकेची वाट आधीच आखून ठेवा. सुरुवातीला "मॅडम", किंवा आडनावापुढे मॅडम. सगळी माणसं ताई म्हणत असताना हा एकटा मॅडम म्हणतो हे आधी तिच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात येईल, मग तिच्या. पुढे बराच काळ तो तिला काहीच हाक मारत नाही, वाक्य सरळ विषयापासून सुरू करतो. नावाने हाक एकदाच, आणि तीही लोकांत चुकून निघालेली असेल तर तिचा परिणाम पुढचे पाच भाग टिकतो.

बाकी बोलीचं प्रमाण सांभाळा. प्रत्येक वाक्यात "नाद खुळा" आणि "जगात भारी" घातलं की पात्रं पाटीवरच्या घोषणेसारखी बोलायला लागतात. कार्यकर्ता, रिक्षावाला, मंडळाची पोरं यांना रांगडं बोलू द्या. ती मात्र मोजून बोलते. चिडली की पेठेतली भाषा बाहेर येते, पण असं कथेत दोनदाच.

६. भेटायची जागा

कोल्हापुरात दोन ओळखीची माणसं गुपचूप भेटू शकतील अशी जागा शहरात नाही. रंकाळा, गंगावेशीतला दूध कट्टा, राजारामपुरीतली कॉफीची दुकानं, सगळीकडे कुणीतरी कुणाचा तरी मेहुणा असतो. बिंदू चौक तर आव्हानं द्यायची जागा, "हिंमत असेल तर बिंदू चौकात या" म्हणायची. तिथे कुणी हळू बोलत नाही.

म्हणून कामाच्या जागाच वापरा. महापालिकेचा जिना. जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर वाट बघत घालवलेला तास. लग्नसराईत एकाच संध्याकाळी दोघांनाही हजेरी लावावी लागणारी चार कार्यालयं. कुणाच्या तरी घरची सांत्वनाची भेट, जिथे दोघं समोरासमोर सतरंजीवर बसतात आणि बोलता येत नाही. तिकीट मागायला मुंबईला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र. ती त्याच डब्यात आहे हे त्याला मिरजेनंतर कळतं.

७. जवळीक कामातून येऊ द्या

माझ्या कादंबरीचा मधला भाग पुराचा आहे आणि तो मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. कोल्हापूरकराला पुराचे आकडे पाठ असतात: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ज्यांनी बघितलं त्यांना "पातळी किती?" हा प्रश्न कुठल्याही संवादापेक्षा जास्त धडकी भरवतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली की नदीकाठची गावं हिशोब करायला लागतात. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला पहिल्यांदा हलवावं लागतं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की शहर तुटतं.

अशा रात्री आपत्ती व्यवस्थापन कक्षात तिला आणि त्याला एकत्र ठेवा आणि त्यांना भांडू द्या. भांडण खरं हवं. लोक जनावरं सोडून निघायला तयार नसतात, दावणीची म्हैस म्हणजे घरातलं माणूस. तो म्हणतो, आधी माणसं हलवा, बोटी कमी आहेत. ती म्हणते, जनावरांची सोय सांगितल्याशिवाय माणसं उंबरा सोडणार नाहीत, मी त्यांना ओळखते. दोघंही बरोबर आहेत. पहाटे तिचं ऐकून उंचावर चारा आणि निवारा मिळवला जातो, आणि मग गाव हलतं. तो कबूल करतो, थोडक्यात आणि इतरांसमोर. ज्या बाईचं श्रेय आजवर लोकांनी उचललं, तिच्यासाठी ही कबुली कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा मोठी आहे. "दमलो बघ आज" हे वाक्य माझ्याकडे या पहाटेला आलं.

पुराचा वापर केवळ देखावा म्हणून करू नका. ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते वाचणार आहेत. ओल्या साडीतली नायिका आणि विजेचा कडकडाट यासाठी कुणाचं घर बुडवू नका.

८. तिला निवड करायला लावा, पण खोटी नको

"करिअर की प्रेम" हा प्रश्न तिला कुणी विचारला तर तिने तो परत पाठवावा. खरी कोंडी कामकाजातून काढा.

सभापतीची किंवा महापौराची निवडणूक आली की सदस्यांना सहलीवर नेतात. ते चार दिवस कुणाशी बोलायचं नाही, बऱ्याचदा मोबाईलही काढून घेतलेला. इतर सदस्य बायकांबरोबर त्यांचे नवरे आहेत, ही एकटी आहे, म्हणून तिच्यावर नजर जास्त. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा आदेश, काढला आहे. तो मोडला तर १९८६ च्या अपात्रता कायद्याखाली सदस्यत्व जातं. त्याच वेळी त्याच्या गटाकडून देकार येतो: इकडे या, खुर्ची तुमची. देकार त्याने आणलेला नाही, पण त्याला माहीत होता, आणि त्याने तिला सांगितलं नाही. आता वहीतलं "कुणाला काय माहीत" हे पान उघडा. तुमच्या कथेचा कणा तिथे आहे.

जातवैधता प्रमाणपत्र हाही असाच धारदार कागद. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ते मुदतीत दिलं नाही तर पद जातं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोल्हापूरच्या नगरसेवकांवर ही वेळ आली होती. लग्नाने जात बदलत नाही, त्यामुळे लग्न हा या अडचणीवरचा उपाय म्हणून लिहू नका. मी एका स्पर्धेत परीक्षक असताना दोन कथांमध्ये हे वाचलं.

९. गुपित फुटतं तेव्हा

ते फुटणारच. व्हॉट्सॲपवर एक फोटो, सोबत दोन ओळी. इथे बहुतेक लेखक तिला रडवतात आणि त्याला पत्रकार परिषद घ्यायला लावतात. तिच्यासाठी दुसरा कुणी बोलला तर तिची भीतीच खरी ठरली. ती स्वतः ठरवू दे, उत्तर द्यायचं की नाही. आणि किंमत त्यालाही मोजायला लावा: पद, बदली, गटातली जागा, काहीतरी ठोस, जे पुढच्या प्रकरणात परत मिळत नाही.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, कुणीही वाचू शकतं अशी. ज्या बाईने पाच वर्षं स्वतःबद्दल काही कळू दिलं नाही ती आपलं नाव त्या फलकावर लावून निघते. तुम्हाला लग्नाचा प्रसंग लिहायचाच असेल तर मंडपापेक्षा तो फलक लिहा.

१०. मसुदा कुणाला तरी दाखवा

ज्या खुर्चीबद्दल लिहिलं त्या खुर्चीवर बसलेल्या, आता मोकळ्या झालेल्या एखाद्या बाईंना गाठा. दोन आठवडे द्या, पानांना क्रमांक घाला, आणि "कथा कशी वाटली" असं विचारू नका. "कुठे खोटं वाटलं" असं विचारा.

मी एका माजी सदस्य बाईंना दिला होता. त्यांनी प्रेमाबद्दल एक शब्द काढला नाही. पेन्सिलने एकाच ओळीखाली रेघ मारली होती: सभेत शिरताना नायिका मोबाईल पर्समध्ये ठेवते. "पर्समध्ये न्हाई ठेवत," त्या म्हणाल्या. "टेबलावर ठेवायचा, उपडा. फोन कुणाचा आलाय ते शेजारच्याला दिसायला नको, आणि आपण काही लपवतोय असंही वाटायला नको."

तो बदल मी पहिल्या प्रकरणापासून केला. सगळ्या सभांमध्ये तिचा मोबाईल उपडा. शेवटच्या प्रकरणात ती सभापतीच्या खुर्चीवर बसते, विषयपत्रिका उघडते, आणि मोबाईल टेबलावर सुलटा ठेवते.